मोटारीचें जुनें एंजिन आणि गोठ्यांतील यंत्रें

मोटारीचा पत्रा सडतो, पाटे मोडतात, ती रस्त्यावर आणण्याची परवानगी संपते. तिचें एंजिन मात्र पुष्कळदां तिच्यामागेंहि जिवंत राहतें. अशा गाड्या आतां खेड्याखेड्यांत दिसूं लागल्या आहेत. कोणाच्या वाड्यामागें, कोणाच्या बांधाकडेला, कोंबड्यांचें खुराडें होऊन त्या उभ्या असतात. त्यांतील एंजिन काढून त्यावर कडबा कापण्याचें यंत्र, उंसाचा चरक, लांकडें कापण्याची करवत अगर विहिरीवरचा पंप चालवितां येईल कीं नाहीं, असा प्रश्न शेतकरीवर्गांत नेहमीं निघतो. चालवितां येईल, हें उत्तर सोपें आहे. परंतु तेवढ्यावर विसंबून ज्यांनीं एंजिन उतरविलें, त्यांतील पुष्कळांचीं एंजिनें एका हंगामांत जळालीं, आणि कांहींचीं बोटें गेलीं. म्हणून या विषयाचा थोडा खोलांत जाऊन विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मोटारीच्या एंजिनांत शक्तीची वाण नसते. वाण असते ती एकसारख्या गतीची, एका जागीं उभें असतां मिळावयाच्या थंडाव्याची आणि फिरत्या भागांवरील आच्छादनाची. गाडींत गति सांभाळण्याचें काम चालकाचा पाय करतो, थंडावा समोरून येणारा वारा देतो, आणि आच्छादन गाडीचा पत्राच असतो. एंजिन गाडींतून खालीं आलें कीं हीं तिन्ही रक्षणें एकदम नाहींशीं होतात. तीं आपल्या हातानें पुन्हां उभीं करावयाचीं, एवढेंच खरें काम. बाकीचें सारें लोहाराचें आणि वेल्डिंगवाल्याचें.

कल्पना मात्र नवी नव्हे. अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें १९०८ ते १९२७ या काळांत ‘मॉडेल टी’ जातीच्या दीड कोटींवर मोटारी केल्या. त्यांचें एंजिन अवघें वीस अश्वशक्तीचें होतें. तेथील शेतकरी तिचें मागचें एक चाक जॅकनें उचलून त्यावर पट्टा चढवीत, आणि लांकडें कापीत, धान्य दळीत, पाणी उपशीत. पट्टा काढला कीं तीच गाडी बाजाराला जावयास मोकळी. या युक्तींत एक तत्त्व दडलेलें होतें. दोन्ही चाकांना गति वांटून देणारी डिफरन्शियल नांवाची जी दांतेचाकांची पेटी असते, तिचा स्वभाव असा कीं, एक चाक जखडून धरलें तर दुसरें दुप्पट वेगानें फिरतें. जमिनीवर टेकलेलें चाक स्थिर, म्हणून उचललेलें चाक दुप्पट. हें तत्त्व पुढें आपल्यालाहि लागणार आहे.

आपल्याकडे कडबा कापण्याचें यंत्र ही लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या बेळगांवच्या कारखान्याची अगदीं आरंभींची वस्तु. तें हातानें फिरवावयाचें असे. हातानें फिरणारें यंत्र अडलें तर थांबतें. एंजिनानें फिरणारें थांबत नाहीं. या फरकाकडे वाचकांनीं शेवटपर्यंत लक्ष ठेवावें.

आतां एंजिन कोणतें घ्यावें तें पाहूं. ज्या गाडीचीं मागचीं चाकें ओढणारीं असतात आणि जिचें एंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेनें बसविलेलें असतें, तिच्यामुळें काम निम्में सोपें होतें. अँबॅसॅडर, कुर्ल्यास तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आणि जुनी जीप या सर्व त्याच जातीच्या. परंतु अँबॅसॅडरचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें, पद्मिनीचें त्याच्याहि पूर्वीं. सुट्या भागांसाठीं वणवण करण्याची तयारी असेल त्यानेंच त्यांच्या वाटेला जावें. आमच्या मतें सर्वांत सोयीची गाडी म्हणजे मारुती ओम्नी. ती १९८४ पासून २०१९ पर्यंत निघत होती, आणि तिचे भाग तालुक्याच्या गांवीं अद्यापि मिळतात. तिचें तीन सिलिंडरांचें ७९६ घन सेंटिमीटरचें एंजिन पुढच्या आसनांखालीं लांबीच्या दिशेनें असतें. त्याच्यामागें क्लच, मग गियरपेटी, आणि तेथून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा. हा दांडा मध्यें कापला कीं शक्ति घेण्याची जागा आयतीच मिळाली.

मारुती ८०० या गाडीचें एंजिनहि त्याच जातीचें. परंतु तें आडवें असून पुढचीं चाकें ओढतें, आणि डिफरन्शियल गियरपेटीच्या पोटांतच असतो. बाहेर येतात ते दोन बाजूंचे दोन आंखूड दांडे. एकावरून काम घ्यावयाचें तर दुसरा जखडावा लागतो, आणि मग वर सांगितल्याप्रमाणें पहिला दुप्पट फिरतो. शिवाय आंतील जीं लहान दांतेचाकें फक्त वळणावर थोडथोडीं फिरण्यासाठीं केलेलीं असतात, तीं अखंड फिरून लवकर झिजतात. कांहीं कारागीर पेटी उघडून तीं वेल्ड करून टाकतात. तसें केल्यास दोन्ही दांडे एकाच गतीनें फिरतात व एकावरून काम घेतां येतें. परंतु दुसरा उघडा फिरत राहतो, त्यालाहि झांकण पाहिजे.

एंजिन कार्ब्युरेटरचें पाहून घ्यावें. पुढील काळांतील गाड्यांत पेट्रोल फवाऱ्यानें सोडतात आणि त्यावर लहानशा संगणकाची देखरेख असते. त्याच्या तारा, संवेदक व विजेचा पंप हा सारा संसार गाडींतून जसाच्या तसा उचलून आणावा लागतो. एक तार चुकली तर एंजिन मुकें. घेण्यापूर्वीं एंजिन गाडींतच अर्धा तास चालवून पाहावें. निळा धूर निघत असेल तर तें तेल पीत आहे असें समजावें. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, अगर पाण्यांत सतत बुडबुडे येत असले, तर सौदा सोडून द्यावा. आणि एंजिन घेतांना त्याच्यासोबत रेडिएटर, पंखा, सायलेन्सर, स्टार्टर, अल्टरनेटर, क्लचचा पाय, समोरच्या फळीवरचे दिवे व तापमानाचा कांटा हें सर्व घ्यावें. भंगारवाला या वस्तु फुकट देतो, पण मागून शोधूं गेल्यास त्यांचेच पैसे जास्त पडतात.

ओम्नीचें एंजिन कागदोपत्रीं सुमारें ३७ अश्वशक्तीचें आहे. हा आंकडा वाचून कित्येकांचे डोळे दिपतात. परंतु ती शक्ति मिनिटाला ५००० फेऱ्यांवर मिळते, आणि तीहि रस्त्यावर थोडा वेळ. तासन् तास चालावयाच्या यंत्राला ती गति देणें म्हणजे एंजिनाचा खून करणें होय. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास हें एंजिन फार तर पंधरा अश्वशक्ति देऊं शकेल, आणि अखंड कामाला त्याच्या निम्म्याहून अधिक मागूं नये. म्हणजे हिशेब सात-आठ अश्वशक्तीचाच धरावा. कडबा कापण्याचें मोठें यंत्र, लहान चरक, पांच अश्वशक्तीचा पंप यांना एवढें पुरतें.

मग खर्चाचें काय? येथें आम्हांस स्पष्ट बोललें पाहिजे. अर्ध्या भारावर चालणारें पेट्रोल एंजिन एका अश्वशक्तीला तासाला सुमारें तृतीयांश लिटर पेट्रोल घेतें. सात अश्वशक्तीला तासाला अडीच लिटरच्या जवळपास. तेंच काम चांगलें डीझेल एंजिन दीड-पावणेदोन लिटरांत करतें, आणि विजेची मोटार सुमारें सहा युनिटांत. आपल्या गांवचे दर घालून प्रत्येकानें गुणाकार करून पाहावा. ज्याच्या गोठ्यापर्यंत भरंवशाची वीज आली आहे, त्यानें या फंदांत पडूं नये. दहा जनावरांना दिवसाला साठ-सत्तर किलो वाळलेला कडबा लागतो. तो कापण्याचें काम दोन-तीन अश्वशक्तीची मोटार थोड्या वेळांत उरकते. मोटारीचें एंजिन शोभतें तें गांवापासून दूर असलेल्या वस्तीवर, जेथें खांब पोंचलेला नाहीं. अगर जेथें काम वर्षाकांठीं थोडेच तास, पण त्या वेळीं अगदीं निकडीचें असतें.

याला एक अपवाद आहे, आणि तो आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. ज्याच्याकडे शेणाच्या गॅसचा मोठा हौद आहे, त्याच्या हातीं हें पेट्रोल एंजिन डीझेल एंजिनापेक्षां सरस ठरतें. डीझेल एंजिनाला गॅस पेटविण्यासाठीं कांहीं डीझेल द्यावेंच लागतें. पेट्रोल एंजिनाला ठिणगी असल्यामुळें तें केवळ गॅसवर चालतें. एका अश्वशक्तीला तासाला सुमारें ०.४२ घनमीटर गॅस लागतो. सात अश्वशक्तीला तीन घनमीटर झाला. एक घनमीटर गॅसला सुमारें पंचवीस किलो ताजें शेण लागतें, म्हणजे एका तासाच्या कामाला पाऊणशें किलो. सात-आठ मोठ्या जनावरांचें एका दिवसाचें शेण. गॅसवर एंजिनाची शक्ति कमी होते खरी, परंतु आपण मुळांतच निम्मी शक्ति मागत असल्यानें ती उणीव जाणवत नाहीं. मात्र गॅसांतील गंधकयुक्त वायु धातु खातो. म्हणून गॅस लोखंडाच्या गंजलेल्या किसाच्या नळींतून गाळून घ्यावा आणि एंजिनाचें तेल नेहमींपेक्षां लवकर बदलावें. स्वयंपाकाच्या गॅसचें घरगुती नळकांडें एंजिनाला जोडणें हा गुन्हा आहे, आणि धोकाहि.

बसवणीविषयीं थोडक्यांत. एंजिन व गियरपेटी लोखंडी पन्हाळीच्या चौकटीवर, मूळच्या रबरी बैठकांसह बसवावी. रबर काढून थेट लोखंडावर आवळल्यास हादऱ्यानें कान तुटतात. दांड्याचा पुढचा तुकडा त्याच्या क्रॉससह ठेवून तो दोन बेअरिंगांवर बसविलेल्या स्वतंत्र शाफ्टला जोडावा आणि पुली त्या शाफ्टवर घालावी. पुली गियरपेटीच्या तोंडावरच अडकविण्याचा मोह होतो. परंतु पट्ट्याची ओढ बाजूनें असते, ती सोसण्यासाठीं गियरपेटीचें बेअरिंग केलेलें नसतें. क्लच अवश्य ठेवावा, म्हणजे एंजिन रिकामें सुरू करून मग भार देतां येतो. रिव्हर्स गियर पट्टी मारून कायमचा बंद करावा.

पुलीचा हिशेब त्रैराशिकाचा आहे. चार गियरांच्या पेटींत चौथ्यांत एंजिन आणि दांडा सारखेच फिरतात. ओम्नीच्या तिसऱ्या गियरांत एंजिनाच्या दोन हजार फेऱ्यांना दांड्याचे सुमारें चौदाशें होतात. समजा, यंत्राला मिनिटाला ३५० फेरे पाहिजेत. चौदाशेंचा तो चौथा हिस्सा. म्हणून एंजिनाकडची पुली पांच इंची, तर यंत्राची वीस इंची. यंत्राला किती फेरे पाहिजेत हें त्याच्या पत्रीवर छापलेलें असतें. पत्री नसेल तर विकणाऱ्याला विचारावें, अंदाज करूं नये. अंदाज कां नको, तें लगेच पुढें कळेल.

गव्हर्नर हा या सर्व खटाटोपाचा प्राण आहे, आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणीं नसतो. अॅक्सिलरेटरची तार खिळ्याला गुंडाळून एंजिन एका गतीवर बांधून टाकतात. कडब्याची पेंढी आंत गेली कीं एंजिन दबतें. पेंढी संपली कीं तें ओरडतें. येथपर्यंत ठीक. परंतु एखादे वेळीं पट्टा उतरला, तर भार एकदम नाहींसा होऊन एंजिन क्षणांत दुप्पट गति घेतें आणि आंतील दांडे वांकवून बसतें. त्याहून वाईट प्रसंग यंत्र रिकामें चालत असतांना येतो. फिरत्या चाकाच्या कडेवरील ताण गतीच्या वर्गाप्रमाणें वाढतो. गति दुप्पट झाली तर ताण चौपट. कडबा यंत्राचें जड चाक बिडाचें असतें आणि पाती त्यावर बोल्टांनीं आवळलेल्या असतात. चौपट ताणानें बोल्ट तुटून पातें सुटलें, तर तें कोणत्या दिशेला जाईल हें कोणीं सांगावें? म्हणून जुन्या डीझेल एंजिनावरचा फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर भंगारांतून घ्यावा, तो एंजिनाच्या पंख्याच्या पुलीवरून पट्ट्यानें फिरवावा, आणि त्याचा दांडा कार्ब्युरेटरच्या झडपेला असा जोडावा कीं गति वाढतांच झडप मिटेल. झडपेच्या स्प्रिंगची ओढ मिटण्याच्या दिशेनेंच असावी, म्हणजे दांडा निसटला तरी एंजिन मंद होईल, पिसाळणार नाहीं. काम एका दिवसाचें आहे. ज्याला तें करावयाचें नसेल, त्यानें पंपासारख्या एकसारख्या भाराच्या यंत्रापुरतेंच एंजिन वापरावें. आणि तेथेंहि पंपाचें पाणी तुटलें कीं भार जातो, हें ध्यानांत असूं द्यावें.

थंडाव्याची गोष्ट अशी कीं, एंजिन जितकी शक्ति कामाला देतें, साधारण तितकीच उष्णता पाण्यांत सोडतें. गाडीचा रेडिएटर व पंखा ठेवला तर सात अश्वशक्तीला तो पुरून उरतो. पण कडब्याचा भुसा उडून त्याच्या जाळींत बसतो आणि तासाभरांत वारा बंद होतो. म्हणून रेडिएटर यंत्राच्या उलट बाजूला, वाऱ्याच्या दिशेला ठेवावा व त्यापुढें बारीक तारेची जाळी धरून ती रोज झटकावी. कांहीं लोक रेडिएटर टाकून दोनशें लिटरांचें पिंप जोडतात. हिशेब केला तर सात अश्वशक्तीच्या भारावर पिंपांतील पाणी तासाला वीस-पंचवीस अंशांनीं तापतें. म्हणजे दोन तासांचें काम निभावतें, चार तासांचें नाहीं. विहिरीचें पाणी एंजिनांतून थेट सोडून देण्याची पद्धति मात्र अगदीं वाईट. आपल्या काळ्या रानांतील विहिरींचें पाणी बहुधा जड असतें. त्याचे क्षार आंतील वाटांना पुटें धरतात. शिवाय अति थंड राहिलेलें एंजिनहि लवकर झिजतें. थर्मोस्टॅट काढून फेंकण्याची गॅरेजांतील कारागिरांस जी खोड आहे, तिलाहि याच कारणानें आळा घालावा.

गाडींत तेलाचा लाल दिवा लागला तर चालक पाहतो. गोठ्यांत तो पाहावयास कोणी बसलेला नसतो. म्हणून तेलाच्या दाबाचें जें बटण एंजिनावर असतेंच, त्यावरून रिलेमार्फत ठिणगीची तार अशी नेववावी कीं दाब गेला कीं ठिणगी तुटेल. तापमानाचेंहि तसेंच करावें. मोटारीच्या विजेचें काम जाणणारा कोणताहि माणूस हें दोन तासांत करून देईल. एंजिन सुरू करतेवेळीं दाब नसतो, तेवढ्यापुरतें दाबून धरण्याचें एक बटण तो लावीलच.

धुराची नळी छपराबाहेर, गंजीच्या विरुद्ध बाजूला आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला काढावी. तापलेल्या नळीवर पडलेला भुसा धुमसत राहून रात्रीं पेट घेतो. पेट्रोल एंजिनाच्या धुरांत जो कार्बन मोनॉक्साइड वायु असतो, त्याला वास नाहीं, रंग नाहीं. पावसाळ्यांत झडप लावून बंद खोलींत एंजिन चालविणाऱ्याला प्रथम डोकें दुखल्यासारखें होतें, मग झोंप येते, आणि त्या झोंपेंतून माणूस उठत नाहीं. एंजिन उघड्या पडवींतच असावें.

राहिली आच्छादनाची गोष्ट. तीन इंच जाडीचा शाफ्ट मिनिटाला चौदाशें फेऱ्यांनीं फिरत असेल, तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला साडेपांच मीटर पळतो. नऊवारी लुगड्याचा पदर त्याला लागला, तर सबंध लुगडें दीड सेकंदांत त्याभोंवतीं गुंडाळलें जाईल. ओरडावयासहि तेवढा वेळ पुरत नाहीं. कडबा घालण्याचें काम आपल्याकडे बहुतेक घरीं बायकाच करतात, हें लक्षांत घेऊन मगच शाफ्ट उघडा ठेवावयाचा कीं कसें तें ठरवावें. पत्र्याचें अगर जाड जाळीचें झांकण शाफ्ट, क्रॉस, पुली व पट्टा या सर्वांवर पाहिजे, आणि तें बोल्टांनीं आवळलेलें पाहिजे. नुसतें टेकवून ठेवलेलें झांकण पहिल्या आठवड्यांत कोंबड्यांखालीं जातें.

यंत्राच्या तोंडाशीं होणारे अपघात हा स्वतंत्र विषय आहे. मळणीयंत्रावर हात तुटण्याचे प्रकार इतके वाढले कीं, १९८३ सालीं त्यासाठीं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. मळणीयंत्राच्या भारतीय मानकांत भरणीची पन्हाळ किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यांतील यंत्राकडचा निम्मा भाग वरून झांकलेला असावा, असें सांगितलें आहे. तेंच माप कडबा यंत्राला लावावें. कारण साधें आहे. माणसाचा हात तेवढा लांब नसतो. हातानें फिरणाऱ्या जुन्या यंत्राची पन्हाळ आंखूड असते, आणि तेंच यंत्र एंजिनाला जोडण्याचा प्रघात पडला आहे. तो घातक होय. ठिणगी तोडणारी दोरी, ओढतांच बटण मिटेल अशी, पन्हाळीच्या दोन्ही बाजूंनीं कमरेच्या उंचीवर बांधावी, म्हणजे एक हात अडकला तरी दुसऱ्यानें अगर शरीराच्या भारानेंहि ती ओढली जाते. परंतु दोरी ओढल्यावर एंजिन थांबलें तरी यंत्राचें जड चाक आपल्या वेगानें बराच वेळ फिरत राहतें. त्यासाठीं चाकाच्या कडेवर दाबणारा लांकडी ब्रेक, पायानें दाबतां येईल असा, बसवावा. आणि तुंबलेला कडबा काढतांना, पातीला धार लावतांना, चाकाच्या आऱ्यांतून पहार घालून तें अडकविल्यावांचून हात आंत घालूं नये. मुलांना पेंढ्या पुरविण्याच्या कामावरहि ठेवूं नये.

शेवटीं कागदांविषयीं. एंजिनावर क्रमांक कोरलेला असतो, आणि तो क्रमांक गाडीच्या नोंदणींत लिहिलेला असतो. गाडी कायमची निकामी झाल्यास मोटार वाहन कायद्याच्या (१९८८) ५५व्या कलमाप्रमाणें मालकानें तें चौदा दिवसांच्या आंत, अगर शक्य तितक्या लवकर, नोंदणी अधिकाऱ्यास कळवून नोंदणीपत्र परत करावयाचें असतें. स्वतःची गाडी मोडून एंजिन काढणाऱ्यानें हें आधीं करावें. विकत घेणाऱ्यानें विक्रेत्याकडून क्रमांक घातलेली पावती आणि नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची नक्कल घ्यावी, व एंजिनावरचा क्रमांक त्याच्याशीं ताडून पाहावा. क्रमांक घांसलेला दिसला तर एंजिन घेऊं नये.